वन्संची वही आणि उंदरांचे गळे

आमच्या वन्संनी सापाच्या विषात एकतीस वर्षं काढली आणि त्या पालीला घाबरतात. भिंतीवर पाल दिसली की हातातलं भांडं तिथेच ठेवून जिन्यात जाऊन उभ्या राहतात, आणि पाल गेल्याचं दोघांनी वेगवेगळं सांगितल्याशिवाय आत येत नाहीत. एकाच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. कुठल्याच बाबतीत बसत नाही.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. सकाळी साडेआठला डबा घेऊन निघतात, संध्याकाळी सहाला येतात, आणि सहा वाजून पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून प्रयोगशाळेतल्या गोष्टी मला सांगायला लागतात. म्हणजे वैतागायला लागतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, या बाईचं कामावर कुणाशीच पटत नसावं. मग कळलं, पटतं सगळ्यांशी, पण चूक सहन होत नाही. स्वतःची तर मुळीच नाही.

शेजारणी अजून मला विचारतात, तुमच्या नणंदबाई साप हाताळतात का हो. वन्संनी जिवंत साप आयुष्यात दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा काचेपलीकडे. त्यांच्याकडे विष येतं ते पिवळसर भुकटी होऊन, करंगळीएवढ्या कुपीत. एका सापाच्या विषात पन्नास-साठ जिन्नस असतात, त्यातला एकच, नसा बधिर करणारा, वेगळा काढायचा. या वेळच्या चिमूटभरासाठी आठ महिने गेले होते. मग त्या जिन्नसाला किरणं सोडणारं आयोडीन चिकटवायचं आणि तो उंदराला टोचायचा. ठरावीक तासांनी उंदराचं मूत्रपिंड, यकृत, पायाचा स्नायू, रक्त, एकेक यंत्रात घालून मोजायचं. जिथे किरणं जास्त, तिथे विष जास्त.

मला हे समजायला बरेच दिवस लागले. शेवटी वन्संनीच सोपं केलं. म्हणाल्या, "गुराच्या गळ्यात घंटा बांधतात ना, तसं. गुरं झाडीत दिसत नाहीत, पण कुठे चरतायत ते ऐकू येतं. विष म्हणजे गुरं, आयोडीन म्हणजे घंटा."

"आणि घंटा तुटून पडली तर?" मी सहज विचारलं.

वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या शाळेत मी पहिली आले. "तेच तर. मग आवाज नुसता घंटेचा, आणि आपण गुरं शोधत बसतो."

सुटं झालेलं आयोडीन कुठे जातं तेही ठरलेलं आहे. ते गळ्यात जातं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन हवंच असतं, मिळेल तेवढं ती ओढून घेते. म्हणून वन्सं आयोडीन चिकटवून झालं की ते मिश्रण बारीक मण्यांच्या नळीतून गाळतात. ती उलटी चाळणी असते. मोठे रेणू आधी सरळ खाली उतरतात, आणि बारीक आयोडीन मण्यांच्या छिद्रांत शिरत, अडकत मागून येतं. पुढचं घ्यायचं, मागचं टाकायचं. तरीही अंगात गेल्यावर थोड्या घंटा तुटतातच. त्यासाठी दुसरा बंदोबस्त असतो. उंदरांना दोन दिवस आधीपासून प्यायच्या पाण्यातून साधं आयोडाइड द्यायचं. गळा आधीच भरलेला असला की सुट्या आयोडिनाला तिथे जागा मिळत नाही, ते लघवीतून निघून जातं. हे काम करण्याच्या दिवशी वन्संही त्याचीच गोळी घेतात, आणि महिन्यातून एकदा एका यंत्रापुढे मान वर करून बसतात. एकतीस वर्षांत त्यांच्या गळ्याचा आकडा कधी वर गेला नाही. दागिन्याबद्दल सांगावं तसा हा आकडा त्या सांगतात.

तर गेल्या वर्षी, वन्संच्या निवृत्तीला पाच आठवडे उरले असताना, उंदरांचे गळे बोलायला लागले.

त्या दिवशी वन्सं आल्या आणि स्टुलावर बसल्याच नाहीत. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी मटार सोलत होते.

"बारा उंदीर," त्या म्हणाल्या. "बाराच्या बाराही गळ्यांत बेचाळीस हजार, पंचेचाळीस हजार किरणं. मिनिटाला. यायला हवेत फार तर हजार."

"मग घंटा तुटली असेल."

"तुटली तरी गळा भरलेला होता ना, वहिनी. आयोडाइडचं पाणी दिलं होतं. मी दिलं होतं. वहीत लिहिलंय."

वही हे आमच्या घरातलं पाचवं माणूस आहे. जाड पुठ्ठ्याची, रेघा मारलेली. काय केलं, किती वाजता, किती थेंब, आणि शेवटी सही. वन्संच्या वहीतलं वाक्य म्हणजे दगडावरची रेघ, असं त्यांच्याकडे मानतात. आणि तीच वही आता त्यांच्या आड आली होती.

कारण साहेब खूश झाले होते.

साहेबांबद्दल सांगायला हवं. पंधरा वर्षांपूर्वी ते तिथे विद्यार्थी म्हणून आले तेव्हा त्यांना थेंब मोजायची नळी सरळ धरायला वन्संनी शिकवलं. तेव्हा ते 'अरे' होते. विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसल्यापासून 'अहो' झाले. माणूस वाईट नाही, पण उतावळा. तीन आठवड्यांनी त्यांना मोठ्या परिषदेत बोलायचं होतं, आणि सांगण्यासारखं नवं काही हाताशी नव्हतं. तेवढ्यात हे गळे.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

वन्संनी साहेबांचा आवाज काढला. त्यांना तो छान जमतो. "म्हणाले, 'बाई, या विषाचं थायरॉइडशी नातं आहे. हे आजवर कुणीही पाहिलेलं नाही.' मी म्हटलं, 'साहेब, कुणी पाहिलं नाही कारण ते तिथे नसतं. हे सुटं आयोडीन आहे.' तर म्हणे, 'पण तुम्ही पाण्यातून आयोडाइड दिलं होतं ना?' म्हटलं, 'दिलं होतं.' 'नक्की?' म्हटलं, 'नक्की.' 'मग सुटं आयोडीन गळ्यात जाईल कसं? तुमच्याच वहीनुसार जाऊच शकत नाही.'"

"मग?"

"मग काय. माझ्याच वहीनं माझं तोंड बंद केलं."

त्यांनी एक परीक्षाही करून पाहिली होती म्हणे. आम्ल घातलं की प्रथिन दह्यासारखं गोठून तळाशी बसतं आणि सुटं आयोडीन वर पाण्यात राहतं. गळ्यातली किरणं गोठलेल्या चोथ्यातच सापडली. साहेबांनी लगेच टाळी मागितली. पण वन्सं म्हणतात ती परीक्षा या एकाच अवयवाला लागू पडत नाही, कारण गळ्यातली ग्रंथी सुटं आयोडीन घेऊन स्वतःच्याच प्रथिनाला बांधून ठेवते. ते तिचं रोजचंच काम आहे. हे साहेबांना माहीत नव्हतं असं नाही. फक्त त्या आठवड्यात आठवत नव्हतं.

हे सगळं कशासाठी चाललं होतं तेही सांगते, नाहीतर वाटेल माणसं उंदरांच्या गळ्यावरून भांडतायत. साप चावलेल्या माणसाला औषध दिलं की तो सावरतो, डोळे उघडतो, नातेवाईक हसायला लागतात. आणि कधी कधी काही तासांनी त्याच्या पापण्या पुन्हा मिटायला लागतात. विष कुठेतरी साठून राहिलेलं असतं आणि हळूहळू सुटत असतं. कुठे साठतं आणि किती वेळ, हे वन्संना शोधायचं होतं. त्यांचा अंदाज होता की जिथे चावा, तिथल्याच स्नायूत. आकडेही तेच सांगत होते, टोचलेल्या पायात दुसऱ्या दिवशीही चांगला साठा होता. पण साहेबांना पाय नको होता. पाय जुना होता, गळा नवा होता.

"जाऊ दे ना," आमचे हे म्हणाले. हे म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ. "पाच आठवड्यांनी तुझं काय राहिलंय तिथे, ताई?"

"सही राहिलीय," वन्सं म्हणाल्या. "प्रत्येक आकड्याखाली माझी सही आहे. उद्या चार ठिकाणी चार पोरी आपली उमेदीची वर्षं उंदरांचे गळे कापण्यात घालवतील. आणि वर लिहिलेलं असेल, काम कुणाचं, तर माझं."

यावर ह्यांनी पेपर उघडला. वन्संचं जेवणही त्या आठवड्यात अर्ध्यावर आलं. मला म्हणायच्या, पोट भरलंय. मी काय, मटार सोलत राहिले. त्यांचं शास्त्र मला येत नाही, पण एकतीस वर्षांच्या शेवटी आपल्याच वहीनं आपल्याला खोटं पाडावं, म्हणजे काय होत असेल ते कळत होतं.

पुन्हा प्रयोग करून पाहावा तर तेही सोपं नव्हतं. किती उंदीर वापरायचे त्याची वरून परवानगी घ्यावी लागते. सहाच उरले होते. घंटा बांधलेलं विषही एकाच खेपेपुरतं होतं, आणि ते आयोडीन असं की दोन महिन्यांत आपोआप निम्मं होतं. ते सहा उंदीर साहेबांनी गळ्याच्या पुढच्या अभ्यासासाठी राखून ठेवले होते. "कारण दाखवा," ते म्हणाले, "नुसत्या मनाला वाटतं म्हणून मी ते देणार नाही." बरोबरच होतं त्यांचं, हेच जास्त चिडवणारं होतं.

आठ दिवस वन्संनी घर डोक्यावर घेतलं. मण्यांची नळी पुन्हा तपासली. आयोडाइडची बरणी दुसऱ्या बरणीशी ताडून पाहिली. वजनकाटा तपासला. घरी आल्यावर मला तेच तेच पुन्हा सांगायच्या आणि मी प्रत्येक वेळी "मग?" म्हणायची. माझ्या 'मग'चीही झीज झाली.

आता इथे माझा गुन्हा येतो.

सासूबाईंना त्या महिन्यात डॉक्टरांनी एक खारट-कडू भुकटी दिली होती, रक्तातलं कुठल्याशा क्षाराचं प्रमाण कमी झालं म्हणून. पेलाभर पाण्यात विरघळवून दिवसातून दोनदा. सासूबाई पेला बघूनच तोंड फिरवायच्या. एक घोट घ्यायच्या, आणि मग त्यांचा चेहरा असा व्हायचा की माझ्याच्यानं बघवेना. "अगं, हे पाणी आहे का भांडी घासलेलं?" असं म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी मी हात टेकले. पेला बेसिनमध्ये ओतला, विसळला आणि साधं पाणी भरून दिलं. म्हातारीनं गटागटा प्यायलं. वर म्हणाली, "आज बरं लागतंय." चौथ्या दिवशीही तेच केलं, आणि मग रोजच. वन्सं संध्याकाळी विचारायच्या, "आईला औषध दिलं?" मी म्हणायची, "दिलं." त्या फ्रिजवरच्या कागदावर खूण करायच्या.

रक्त पुन्हा तपासलं तर फरक शून्य. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, औषध लागू पडत नाही, दुसरं जोराचं सुरू करू, त्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या.

वन्सं कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "दहा दिवस दोन वेळा," त्या म्हणाल्या. "वीस खुणा आहेत. लागू कसं पडत नाही?"

मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण 'जोराचं औषध' हे शब्द ऐकल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं.

"वन्सं," मी म्हटलं, "त्यांनी ते प्यायलंच नाही. मी ओतून टाकत होते."

"काय?"

"त्यांना चव सहन होत नव्हती. मी साधं पाणी देत होते."

"आणि मला सांगितलंस दिलं म्हणून."

"पेला दिला होता ना."

मला वाटलं आता माझी खैर नाही. त्या स्टुलावर बसल्या. कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे नव्हे, माझ्यामागच्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "पेला रिकामा झालेला दिसायचा. म्हणून मी खूण केली."

"हो."

"उंदरांच्या बाटलीतलं पाणीही खाली गेलेलं दिसलं होतं. म्हणून मी लिहिलं."

मी गॅस बंद केला.

"मी स्वतः ती गोळी घेते," वन्सं म्हणाल्या. "तोंडात गंजलेला खिळा धरल्यासारखी चव असते. मी गिळते, कारण मला माहीत आहे कशाला घेते. उंदराला कोण सांगणार?" त्या उठल्या. "उद्या सकाळी तू माझ्याबरोबर चल."

"मी? कुठे?"

"प्राण्यांच्या खोलीत. तिथे पिंजरे सांभाळणारे मामा असतात, सगळे त्यांना उंदीरमामा म्हणतात. मी विचारलं तर ते घाबरून काहीच सांगणार नाहीत. माझं विचारणं पोलिसासारखं असतं असं सगळे म्हणतात. तू गुन्हेगार आहेस, तुला जमेल."

आईचं काय करायचं हे त्यांनी जाता जाता सांगितलं. डॉक्टरांना फोन कर, खरं काय ते सांग, आणि तीच भुकटी लिंबू-साखरेत चालेल का विचार. मी फोन केला. डॉक्टर म्हणाले, चालेल.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा ती इमारत आतून पाहिली. लांब व्हरांडा, फिनेलचा वास, दारांवर पिवळ्या खुणा. वन्संच्या खोलीत शिशाच्या विटांची बुटकी भिंत, तिच्यामागे एक कपाट जे सतत हवा ओढत गुरगुरत असतं. प्राण्यांची खोली मागच्या बाजूला. आत बाहेरच्यांना सोडत नाहीत, म्हणून आम्ही पुढच्या छोट्या खोलीत थांबलो. तिथे मोठ्या सिंकपाशी उंदीरमामा लांब ब्रशनं बाटल्या धूत होते. साठीला आलेले, कोपराला ठिगळ लावलेला स्वेटर, त्यावर लाकडाचा भुसा. बाटल्या धुऊन एका फळीवर अशा उलट्या मांडल्या होत्या की माझ्या घरच्या पेल्यांना लाज वाटावी.

वन्सं खिडकीशी उभ्या राहिल्या आणि, जे त्यांना फार जड गेलं असणार, गप्प बसल्या.

"मामा," मी म्हटलं, "मी यांची वहिनी. रागावल्यात माझ्यावर."

"ताई सगळ्यांवरच रागावतात," मामा म्हणाले. "का रागावल्या?"

"सासूबाईंना औषधाचं पाणी द्यायचं होतं. मी ओतून टाकलं आणि साधं दिलं. कडू होतं हो, त्यांचा चेहरा बघवत नव्हता."

मामांचा ब्रश बाटलीत थांबला. त्यांनी एकदा वन्संच्या पाठीकडे पाहिलं.

"कडू वाईटच," ते म्हणाले.

"तुमच्याकडेही देतात ना, कडू पाणी?"

ते बराच वेळ बाटली धूत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. मग हळू आवाजात, मलाच सांगितल्यासारखं, म्हणाले, "नळीला तोंड लावतात आणि मागे सरतात, बाई. मग पुढच्या पायांनी तोंड पुसत बसतात, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीचा कणा वर आलेला. उंदीर केवढासा, पाणी नाही मिळालं की बघता बघता सुकतो. तसंही दोन दिवसांनी ते जाणारच होते. म्हटलं, तेवढे दोन दिवस तरी नीट पिऊ देत."

"मग बदललंत?"

"बदललं. ताईंनी बाटलीवर पेनानं खूण केली होती, तिच्या जरा खालीच भरलं. म्हणजे वाटावं, थोडं प्यायलेत."

वन्सं वळल्या. "का? मला सांगायचं सोडून असं का केलंत?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," मामा म्हणाले. "एवढं मोजून मापून केलं होतं तुम्ही."

वन्संनी कपाळाला हात लावला. "वाईट वाटू नये म्हणून. आठ महिन्यांचं विष, बारा उंदीर, साहेबांचा नवा शोध, आणि सगळं कशासाठी, तर मला वाईट वाटू नये म्हणून." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दोघं एकाच शाळेत होतात का?"

मामा रडवेले झाले होते. त्यांची वर्षभराची नोकरी उरली होती. ते म्हणाले, "लिहा वहीत. माझं नाव लिहा. मीच केलंय."

वन्संनी वही तिथेच उघडली, बाटल्यांच्या फळीवर. त्यांच्याकडे नियम आहे, चुकलेलं खोडून काळं करायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे जुनं वाचता येतं, आणि शेजारी खरं लिहून सही करायची. त्यांनी रेघ मारली. एकतीस वर्षांत त्या वह्यांमध्ये अशा किती रेघा असतील मला माहीत नाही, पण ही मारताना त्यांचा हात पहिल्यांदाच मारत असल्यासारखा चालला. त्यांनी लिहिलं: आयोडाइडचं पाणी उंदरांनी प्यायलं नाही. खोलीत ते बदललं गेलं. प्यायल्याची खात्री मी केली नव्हती.

"माझं नाव राहिलं," मामा म्हणाले.

"नाव घातलं की साहेब नाव वाचतील, पाणी वाचणार नाहीत," वन्सं म्हणाल्या. "आणि खात्री करणं माझं काम होतं. आता मला सांगा, ते काय आवडीनं पितात?"

"साखर घातली तर काहीही पितात," मामा म्हणाले.

वन्संनी माझ्याकडे बघितलं जरूर.

साहेबांच्या खोलीत मी गेले नाही, दाराबाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धं उघडं होतं, आणि वन्संचा आवाज काही लपणारा नाही.

"म्हणजे हा निष्काळजीपणा झाला," साहेब म्हणत होते.

"हो. माझा. लिहिलंय तसं."

"पण बाई, गोषवारा पाठवून झालाय. चित्रं तयार झाली आहेत. परिषद बारा दिवसांवर आहे."

"सहा उंदीर द्या. तिघांना आयोडाइड साखर घालून, तिघांना साधं पाणी. सगळ्यांना तेच विष, आणि टोचायच्या आधी मी ते पुन्हा गाळून घेते. तुमचं खरं असेल तर साही गळे सारखे बोलतील. मग मी स्वतः तुमचं चित्र रंगवून देईन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर आकडा दाखवा. पण वहीत आता ही रेघ आहे. ती सोडून दाखवावा लागेल."

आत वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"जाता जाता तुम्ही मला अडचणीत आणताय," साहेब म्हणाले.

"जाता जाताच आणू शकते, साहेब. आधी आणलं असतं तर इथेच राहायला लागलं असतं."

उंदीर मिळाले.

पुढचे चार दिवस वन्सं घरात असून नसल्यासारख्या होत्या. प्रत्येक बाटलीचं वजन सकाळ-संध्याकाळ. मामा पिंजऱ्यापुढे बसून कोण किती प्यायला ते स्वतःच्या अक्षरात एका कागदावर लिहायचे, आणि तो कागद वन्सं वहीत चिकटवायच्या. साखरेचं पाणी उंदरांनी इतकं प्यायलं की तिसऱ्या दिवशी बाटली पुन्हा भरावी लागली. मोजणीच्या दिवशी मामा नेहमीसारखे बाहेर जाऊन झाडाखाली उभे राहिले. ते काम चालू असताना ते कधीच आत थांबत नाहीत, हे वन्संनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, मामा चहाला जातात.

त्या दिवशी सहा वाजून पाच मिनिटांनी वन्सं स्टुलावर बसल्या. मी हातातलं सगळं ठेवलं.

"साधं पाणी प्यायलेले तिघं," त्या म्हणाल्या, "त्रेचाळीस हजार, एक्केचाळीस, चव्वेचाळीस. आणि आयोडाइडवाले तिघं नऊशे, अकराशे, आठशे."

"आणि पाय?"

"पाय साही जणांचे सारखे. दुसऱ्या दिवशीही विष तिथेच, जिथे टोचलं तिथे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाढ मला. भूक लागलीय."

मी ताट वाढलं. त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली.

साहेब परिषदेला गेले आणि पायाबद्दल बोलले. लोकांना आवडलं म्हणे. एका मोठ्या रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंनी उभं राहून सांगितलं, आमच्या रुग्णांच्या पापण्या पुन्हा का मिटतात ते आज समजलं. साहेबांनी तिथे असंही सांगितलं की गळ्यातले आकडे पाहून आपल्याला पहिल्याच दिवशी शंका आली होती. हे वन्संना परिषदेला गेलेल्या एका मुलीनं सांगितलं. वन्संनी ते मला सांगितलं तेव्हा मी चिडले, त्या नाहीत.

"त्यांना शंका आली असेलच," त्या म्हणाल्या. "माझ्याच खोलीत शिकलेत ते. फक्त त्यांनी ती शंका वहीत लिहिली नाही."

निरोपाच्या दिवशी त्यांनी नव्या मुलीच्या हातात वही दिली. तिच्यात पाण्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखून दिला होता. आधीचा रकाना 'दिलं', नवा 'प्यायलं'. मामांनी रेघा पट्टीनं मारून दिल्या होत्या.

आता वन्सं दिवसभर घरी असतात, आणि वैतागायला त्यांना नवं ठिकाण मिळालंय. फ्रिजवरच्या कागदावरही दोन रकाने झालेत. सासूबाई लिंबू-साखरेतलं औषध मुकाट्यानं घेतात, रक्त सुधारलंय, जोराचं औषध लागलं नाही. पण वन्सं पेला हातात देण्याआधी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तोलतात, आणि प्यायल्यावर पुन्हा तोलतात. मग मला हाक मारतात. मी ओले हात पुसत येते, दुसऱ्या रकान्यात सही करते. दिवसातून दोनदा.

परवा सासूबाईंनी तोंड पुसत विचारलं, "अगं, मला एवढं कोण टोचणार आहे, की माझा गळा भरून ठेवताय?"

वन्संनी पेला उलटा करून पाहिला, थेंब उरला नव्हता, आणि पेन माझ्यापुढे केलं.